हजार डॉलरांचा महिना

गरिबाचा महिना कसा निघतो, हे गरिबाला सांगावे लागत नाही आणि श्रीमंताला सांगून समजत नाही. मधल्या माणसाचे मात्र याबाबत एक मत तयार असते. ‘जरा हात आखडून वागले की भागते सगळे!’ हे मत जितके जुने, तितकेच चिवट. अमेरिकेतल्या काही भल्या माणसांनी ते खोडून काढण्यासाठी एक खेळ रचला. त्याची हकीकत वाचकांनी ऐकण्यासारखी आहे; कारण खेळ चांगला वठला आणि डाव मात्र उलटला!

नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरहॅम नावाचे शहर आहे. तेथील ‘अर्बन मिनिस्ट्रीज ऑफ डरहॅम’ ही संस्था बेघरांना निवारा आणि भुकेल्यांना अन्न देते. तिच्यासाठी त्याच गावच्या मॅकिनी या जाहिरात कंपनीने २०११ साली ‘स्पेंट’ हा खेळ तयार केला. तो विकत घ्यावा लागत नाही. संगणकावर ब्राउझर उघडला की झाले. आरंभीच खेळणाऱ्याला डिवचले जाते. आपल्यावर कोणापुढे हात पसरण्याची पाळी येणार नाही, असे वाटते ना? मग दाखवा बरे तसे करून!

तुमची नोकरी गेली आहे, घर गेले आहे, शिल्लक संपली आहे. पदरी एक मूल आणि हाताशी १,००० डॉलर. एवढ्यावर महिना काढायचा. आधी काम शोधायचे. उपाहारगृहात वाढप्याचे, गुदामात माल हलवण्याचे, नाही तर कचेरीतले तात्पुरते. कचेरीतले हवे तर टंकलेखनाची परीक्षा द्या! मग घर. गावाजवळ राहावे तर भाडे जड, लांब जावे तर पेट्रोल जड. त्यानंतर एकेक दिवस उगवतो तो नवा पेच घेऊनच. मुलाला मित्राच्या वाढदिवसाचे बोलावणे येते; भेटवस्तू घेऊन पाठवायचे, की जाऊ नको म्हणायचे? घरचे पाळीव जनावर आजारी पडते; उपचार करायचे, की त्याचे हाल पाहायचे? उभ्या मोटारीला तुमची मोटार घासते. चिठ्ठी ठेवायची, की गुपचूप पाय काढायचा? प्रत्येक उत्तराबरोबर गंगाजळी आटत जाते. महिनाअखेर चार डॉलर उरलेच, तर खेळ हळूच आठवण देतो की, उद्या भाडे द्यायचे आहे.

हा खेळ पुढे शाळा-महाविद्यालयांतून वर्गावर्गांत खेळवला गेला. जो खेळेल त्याचे मन द्रवेल, असे कोणालाही वाटावे. येल विद्यापीठातील जीना रूसोस आणि जॉन डोव्हिडिओ या मानसशास्त्रज्ञांनी मात्र असे वाटण्यावर न विसंबता, खेळणाऱ्यांची मनेच तपासली. २०१६ साली त्यांचा प्रबंध छापून आला. खेळ खेळल्याने गरिबांविषयीचे मत सुधारल्याचे त्यांना दिसले नाही. उलट, गरिबी टाळणे हे ज्याच्या त्याच्या हातात असते, ही समजूतच बळावू शकते, असे आढळले. आणखी मौज अशी, की स्वतः न खेळता दुसऱ्याचा खेळ नुसता पाहणाऱ्यांपैकी काहींच्या मनात आपुलकी वाढलेली दिसली!

असे का व्हावे? बटण हाती आले, की माणसाला आपण कर्ते आहोत असे वाटू लागते. चार निर्णय नीट घेतले आणि महिना निभावला, तर त्याला वाटते, ‘मला जमले, मग यांना का जमू नये?’ नाही निभावला, तर तो म्हणतो, ‘तिसऱ्या दिवशी मी चुकलो, पुन्हा खेळलो तर जमेल.’ दोन्ही वाटा एकाच गावाला जातात. जिंकणारा आणि हरणारा, दोघेही आपल्या हुशारीचा हिशेब मांडत बसतात, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तो गरीब बाजूलाच राहतो.

शिवाय खेळणारा पोटभर जेवून बसलेला असतो. त्याच्यापुढे दोन-तीन पर्याय नीट लिहून ठेवलेले असतात. विचार करायला त्याला सवड असते आणि डाव फसला तर तो नव्याने मांडता येतो. ज्याची नोकरी खरोखर गेली आहे, त्याला यातले काय मिळते?

पण खरी गोम याहून खोल आहे. अमेरिकेत केंद्रीय किमान वेतन २००९ साली ताशी ७.२५ डॉलर झाले, आणि २०११ साली हा खेळ निघाला तेव्हाही ते तेवढेच होते. आठवड्याला ४० तास धरले, तर चार आठवड्यांचे होतात १,१६० डॉलर, तेही कर कापण्यापूर्वी! हा दर किती असावा, घरभाडे किती असावे, डॉक्टरने किती घ्यावे, हे ठरवणारे बटण खेळणाऱ्याच्या हाती येत नाही. ते सारे खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असते. त्याच्या वाट्याला उरते ते वाढदिवसाचे आणि आजारी जनावराचे, आणि तेवढ्यावरच तो स्वतःला पास-नापास करतो.

म्हणून हा खेळ टाकाऊ आहे, असे मी म्हणणार नाही. वर्गावर तो जरूर खेळवावा. मात्र खेळ संपल्यावर गुरुजींनी ‘तू काय निवडलेस?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘तुला काय निवडताच आले नाही?’ हेही विचारावे. त्या उत्तरात डरहॅमचा खरा गरीब भेटेल.

वाचकहो, मत ही काही फुकटची वस्तू नव्हे. गरिबी ही गरिबाचीच चूक, असे ज्याला पटले, तो दान देताना मूठ आवळतो आणि मत देताना मन आवळतो. दिवाळीची पोस्त हातावर ठेवताना ‘याने जरा जपून वागायला हवे’ असा विचार आपल्याही मनात डोकावून जातो. तो आला, तर समोरच्याच्या हातात कोणती बटणे आहेत आणि कोणती नाहीत, एवढे आधी मोजून पाहावे.