नकार की इन्कार?

प्लेसमेंटचा सीझन आला, की कॉलेजच्या कट्ट्यावर इंग्रजीची धास्ती वाढते. धास्ती असते मोठमोठ्या शब्दांची. दगा देतात ते मात्र रोजचे, ओळखीचे शब्द. आमच्याच ग्रुपमधल्या एकाचं बघा ना. इंटरव्ह्यूत त्याला विचारलं, 'आधीची ऑफर का सोडलीस?' पठ्ठ्या ठसक्यात म्हणाला, 'आय डिनाइड द ऑफर.' समोरच्या मॅडम गोंधळल्या. 'म्हणजे ऑफर आली होती की नव्हती?' याला प्रश्नच कळेना!

दोष त्याचा अर्धाच. आपलं 'नाकारणं' फार सोशिक क्रियापद आहे. आपण आरोप नाकारतो, ऑफर नाकारतो, आलेलं स्थळही नाकारतो. इंग्रजीत ही दोन वेगळी कामं आहेत. 'हे खरं नाही' असं सांगणं म्हणजे 'डिनाय'. 'हे मी घेणार नाही, करणार नाही' म्हणजे 'रिफ्यूज'.

कागदावरच्या सहीचं उदाहरण घ्या. 'ही रिफ्यूज्ड टु साइन' म्हणजे त्याने सही करायला नकार दिला. कागद कोराच राहिला. 'ही डिनाइड सायनिंग' म्हणजे कागदावर सही आहे, पण ती मी केलेलीच नाही, असं तो म्हणतोय. पहिल्यात नुसता हट्ट आहे, दुसऱ्यात कोर्टकचेरीची शक्यता! 'रिफ्यूज'च्या मागे 'टु' का येतो, तेही इथेच कळतं. करायची गोष्ट अजून पुढे असते. 'डिनाय'च्या मागे 'आयएनजी' येतं, कारण वाद बहुतेकदा झालं की नाही याचा असतो.

खरं तर हा फरक मराठीला नवा नाही. पेपरात रोज वाचता की, 'त्यांनी आरोपांचा इन्कार केला आणि अधिक बोलण्यास नकार दिला.' इन्कार म्हणजे डिनाय, नकार म्हणजे रिफ्यूज. (कुणी कुणी 'बोलण्यास इन्कार' असंही लिहितात, तो भाग वेगळा.) इंग्रजी वाक्य जुळवताना मनात 'नाकारलं' आलं, की क्षणभर थांबून विचारा, यातलं कुठलं?

एक मेख मात्र आहे. व्हिसा, प्रवेश, रजा अशी मागितलेली गोष्ट द्यायची नसेल, तर तिथे 'डिनाय'ही चालतं. 'ही वॉज डिनाइड एंट्री' हे वाक्य बरोबरच आहे. पण तिथे नाही म्हणणारा अधिकारात असतो आणि तुम्ही मागणारे. कंपनी तुमची रजा 'डिनाय' करू शकते, तुम्ही कंपनीची ऑफर नाही.

आणि ऑफर सोडल्याचा ईमेल लिहायचा असेल, तर 'रिफ्यूज'ही जरा फटकळच वाटतं. तिथे 'डिक्लाइन' लिहा. आमच्या मित्राने पुढच्या इंटरव्ह्यूत तेच वापरलं. या वेळी मॅडम नव्हत्या, सर होते. त्यांनी मान डोलावली आणि थेट पगाराचं विचारलं.