१ मेच्या ग्रामसभेपर्यंत मुदत. त्यानंतर गाठ आमच्याशी

परभणी जिल्ह्यातले सरपंच, ग्रामसेवक, देवस्थानांचे विश्वस्त, जीर्णोद्धार समित्या, जेसीबी-टिप्परवाले ठेकेदार आणि रात्री पहार घेऊन गुप्तधन हुडकत फिरणारे, या सगळ्यांना हा जाहीर इशारा आहे. विनवण्या करून झाल्या, निवेदनं देऊन झाली, पोच घेऊन झाली. आता मुदत देतो आहोत. येत्या १ मेच्या ग्रामसभेपर्यंत गावातल्या जुन्या वास्तूंची, बारवांची, वीरगळांची आणि जुन्या गावठाणाच्या पांढरीची नोंद करा आणि मोडतोड थांबवा. त्यानंतर ऐकून घेतलं जाणार नाही.

१ मेच का, तेही सांगतो. रानं उन्हाळ्यात मोकळी होतात, तेव्हाच पांढरीची माती ट्रॅक्टरनं वाहिली जाते. देवळांचे जीर्णोद्धार याच दिवसांत निघतात, कारण लोक गावात असतात आणि वर्गणी जमते. बारवेचं पाणीही तळाला गेलेलं असतं, गाळ काढायचा तर आत्ताच. मृग निघाला की सगळं पुढच्या सालावर जातं. आणि पुढच्या सालापर्यंत पाडायचं ते पाडून झालेलं असतं.

जिंतूर तालुक्यातलं चारठाणा घ्या. या गावात एकेकाळी ३६० देवळं आणि ३६० बारवा होत्या, असं जुनी माणसं सांगतात. आकडा आख्यायिकेतला आहे, पण गावात पाऊल टाकलं की ती आख्यायिका कुठून आली ते कळतं. गोकुळेश्वराचं मंदिर आहे, त्याची पायऱ्या-पायऱ्यांची बारव आहे, आणि तो एकटा उभा असलेला कोरीव स्तंभ आहे. त्याच्यासमोर उभं राहिलं की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. पण गावाच्या वाटेवर, घराच्या जोत्यात, गोठ्याच्या भिंतीत कोरीव दगड सापडतात, तेही याच देवळांचे. डॉ. गो. बं. देगलूरकर, डॉ. प्रभाकर देव यांच्यासारख्या अभ्यासकांनी मराठवाड्यातल्या मंदिरांवर आयुष्याची वर्षं खर्च केली. त्यांनी लिहून ठेवलं म्हणून जगाला माहीत झालं. गावाला माहीत होतंच; गावाने मोजलं नाही.

आमचं म्हणणं इथेच आहे. आपल्या गावांत वारसा ठरतो तो फक्त पूजेवरून. ज्या दगडाला हळद-कुंकू लागतं तो देव, बाकीचा धोंडा. देव झाला की त्याच्यावर माया येते आणि त्या मायेनेच त्याचा घात होतो. धोंडा ठरला की तो कुणाचाच नसतो, मग ज्याचा हात पोचेल त्याने तो उचलावा. भक्ती आणि बेपर्वाई, दोन्हींच्या हाताखाली हजार-आठशे वर्षांचं काम संपत चाललं आहे.

मायेचं आधी बोलू, कारण तिच्याविषयी बोलायला सगळे कचरतात. जीर्णोद्धार समितीच्या लोकांनो, तुमच्या श्रद्धेवर आमचा आक्षेप नाही. आक्षेप ऑइल पेंटवर आहे. काळ्या बेसॉल्टच्या मूर्तीला गुलाबी-निळा रंग फासला की दगडातला ओलावा आतच कोंडतो. रंगाचे पापुद्रे सुटू लागतात आणि सुटताना कोरीव कामाची कडही घेऊन जातात. जुन्या देवळांचे दगड एकमेकांत खाचा करून, चुन्याशिवाय बसवलेले असतात. त्या सांध्यांत तुम्ही सिमेंट भरता, पाणी वाट बदलतं आणि दोन पावसाळ्यांत गाभारा गळायला लागतो. मग समिती म्हणते, देऊळ जुनं झालं, पाडा! मुखमंडप पाडून स्लॅबचा सभामंडप उभा राहतो, खाली चकचकीत फरशी येते, वर देणगीदारांच्या नावांची पाटी लागते. कोरलेली सुरसुंदरी मात्र मागच्या उकिरड्याशेजारी पालथी पडलेली असते. देणगी देणाऱ्यांनो, पावती फाडण्याआधी एकच विचारा: जुन्या दगडांचं काय करणार? उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशात ठेवा.

आता बारवा. एका बाजूने उतरायला वाट असली तर नंदा, दोन बाजूंनी असली तर भद्रा, तीन असल्या तर जया, चारी बाजूंनी असल्या तर विजया. शिल्पशास्त्राने त्यांना अशी नावं दिली होती, इतका त्यांचा मान होता. आज त्यांत निर्माल्य, प्लास्टिक, लग्नातल्या पत्रावळी आणि कधी मेलेली कुत्री असतात. सेलू तालुक्यातल्या वालूरच्या गावकऱ्यांनी मात्र आपल्या चक्राकार पायऱ्यांच्या बारवेतला गाळ श्रमदानाने उपसला. आज माणसं लांबून ती बघायला येतात. वालूरकरांना जमतं ते तुम्हाला का जमत नाही, याचं उत्तर प्रत्येक सरपंचाने आपल्या ग्रामसभेत उभं राहून द्यायचं आहे. निधी नाही, हे उत्तर चालणार नाही. गाळ फावड्याने निघतो. आणि ज्यांनी बारवेच्या काठापर्यंत कुंपण सरकवून ती सातबाऱ्यात गिळली आहे, त्यांनी आपणहून मागे सरकावं, कारण मोजणी आम्ही मागणार आहोत.

वीरगळांवर तर कुणी बोलतच नाही. गाव राखताना, गुरं सोडवताना जो पडला त्याचा तो दगड. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये अप्सरा त्याला नेताहेत, वर तो शिवलिंगासमोर बसला आहे, आणि शेंड्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. आणि आपण त्याच्यावर धुणं आपटतो. कुठे तो नाल्यावर पूल म्हणून टाकलाय, कुठे बैल बांधायला. त्या माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही, पण गाव त्याच्यामुळे राहिलं. मुदतीच्या आत प्रत्येक वीरगळ उचलून पारावर किंवा देवळाच्या आवारात नीट उभा करा. त्याला शेंदूर लावू नका, सिमेंटात चिणू नका. फक्त उभा करा.

आणि पांढर. मराठवाड्याच्या माणसाला सांगायला नको, काळी पिकायची आणि पांढरी राहायची. गढीची, जुन्या गावठाणाची ती पांढरी माती माळवदावर टाकायला आणि रानात खत म्हणून पिढ्यान् पिढ्या नेली गेली. पूर्वी ती टोपल्याने जायची, आता टिप्परने जाते. टोपल्याने नेणाऱ्याच्या हाताला मणी, खापर, नाणं लागायचं. टिप्परमध्ये सगळं चुरा होऊन जातं. गोदेच्या काठाने पैठणपासून खाली किती जुनी वस्ती होती, याचा पुरावा या ढिगाऱ्यांच्या थरांत आहे. थर एकदा उलटला की पुरावा गेला. कोणत्याही विद्यापीठाला तो परत लावता येत नाही. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाला २०२४ साली जतनाच्या कामात खोदताना शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. तिथे खोदणारे पुरातत्त्वाचे लोक होते म्हणून ती अख्खी निघाली. जेसीबीच्या दाताखाली तिचं काय झालं असतं, हे टिप्परवाल्यांनीच सांगावं.

गुप्तधनवाल्यांना वेगळं सांगतो. नंदीखाली हंडा नसतो. शिवलिंग उखडून, गाभाऱ्यात खड्डा घेऊन तुमच्या हाती मातीच आली आहे. पण कायदा ऐका. जमिनीत सापडलेली १० रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावीच लागते. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार केले तर २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. मूर्ती विकायला काढली तर १९७२चा पुरावशेष कायदा आहे. आणि तुमची टोळी कुठल्या गावात कुणाच्या ओसरीवर चहा पिते, हे गावाला माहीत असतं. इतके दिवस गाव गप्प होतं.

हा जिल्हा बोलायचं ठरवतो तेव्हा बोलतो. जानेवारी २०२०मध्ये पाथरीच्या विकासासाठी १०० कोटींची घोषणा झाली, साईबाबांचा जन्म तिथलाच या दाव्यावरून वाद पेटला, १९ तारखेला शिर्डी बंद झाली. त्या दिवसांत परभणीत ज्याच्या-त्याच्या तोंडी वारसा होता. दाव्यासाठी एवढा आवाज निघतो, मग जे डोळ्यांसमोर उभं आहे आणि ज्यावर कुणाचाच वाद नाही, त्या चारठाण्यासाठी का निघत नाही? गंगाखेड तालुक्यातल्या धारासूरचं गुप्तेश्वर मंदिर गोदेच्या काठावर वर्षानुवर्षं खचत होतं. मागणी लावून धरली तेव्हा कुठे जतनाचं काम मार्गी लागलं. नेमगिरीची जैन लेणी, जनाबाईचं गंगाखेड, परभणीतला तुराबुल हक बाबांचा दर्गा हा सगळा मिळून आपला जिल्हा आहे. यातलं एकच आपलं म्हणणाऱ्याला आम्ही या कामात जवळ करणार नाही.

राज्याच्या पुरातत्त्व खात्यालाही हा इशारा लागू आहे. १९६०चा महाराष्ट्राचा कायदा तुमच्या हातात आहे. संरक्षित स्मारकांची यादी छोटी आणि बाहेर राहिलेलं जास्त, अशी स्थिती आहे. निळी पाटी लावली म्हणजे संरक्षण झालं असं होत नाही. पाटीवर गंज आणि मागे शेळ्या, हे आम्ही बघतो. माणसं कमी आहेत हे आम्हाला मान्य आहे. मग गावाला हाताशी धरा. स्मारक संगोपनाची महाराष्ट्र वैभव योजना आहे, ती परभणीच्या गावांत कुणी समजावून सांगितली? धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या एका गावकऱ्याने शिवारातली खापरं, मणी, मूर्ती जमवल्या आणि तो संग्रह सरकारकडे गेला, म्हणून आज तिथे संग्रहालय उभं आहे. तसा माणूस परभणीच्या गावोगावी आहे. त्याला तुम्ही दारात उभं करत नाही.

तर काय करायचं ते स्पष्ट सांगतो. १ मेच्या ग्रामसभेत गावातल्या प्रत्येक जुन्या वास्तूची, बारवेची, सुट्या मूर्तीची आणि वीरगळाची यादी वाचली जावी. ती फोटोसह ठरावाला जोडावी आणि एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात, एक पुरातत्त्व खात्यात जावी. ज्यांच्या अंगणात, शेतात, भिंतीत कोरीव दगड आहे त्यांनी तो आपणहून दाखवावा. आपणहून दाखवणाऱ्याला चोर म्हणू देणार नाही, हा आमचा शब्द. पांढरीवर त्याच दिवसापासून एकही टिप्पर चढता कामा नये. चालू असलेला जीर्णोद्धार जाणकाराचा लेखी सल्ला येईपर्यंत थांबवावा, आणि उतरवलेल्या प्रत्येक दगडावर क्रमांक असावा.

हे झालं तर गाळ काढायला आम्ही स्वतःची फावडी घेऊन येतो. राज्यघटनेच्या कलम ५१क (च)ने हा वारसा जपणं प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य ठरवलं आहे. आम्ही काही उपकार करणार नाही.

नाही झालं, तर २ मेपासून गावनिहाय माहिती अधिकाराचे अर्ज पडतील: बारवेची जमीन कुणाच्या नावावर, जीर्णोद्धाराला परवानगी कुणाची, मातीची रॉयल्टी कुणी भरली. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागेल. ज्या गावातून मूर्ती हलली असेल तिथे पोलीस ठाण्यात तारीख आणि फोटोसह लेखी तक्रार जाईल. टिप्पर रस्त्यावर अडवला जाईल, शांतपणे, पण अडवला जाईल. जिल्हाधिकारी कार्यालयासमोर धरणं धरू. तिथेही दखल घेतली नाही, तर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका दाखल होईल आणि तिच्यात सरकारइतकेच ग्रामपंचायत आणि देवस्थानचे विश्वस्तही प्रतिवादी असतील.

अर्जांचे मसुदे तयार आहेत. गावाचं नाव लिहायची जागा तेवढी कोरी ठेवली आहे.