पटावरचा आकडा आणि पाटीवरचे अक्षर

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बेळगाव, निपाणी आणि खानापूर भागांतील आमच्या समाजबांधवांच्या घरोघरी एकच खल सुरू होतो : मुलाला कोणत्या शाळेत घालावे? या खलात इंग्रजी माध्यमाच्या चार-सहा शाळांची नावे येतात, त्यांच्या फीचे आकडे येतात, शाळेच्या गाडीचा मार्ग येतो. येत नाही ती फक्त गल्लीच्या टोकाची सरकारी मराठी प्राथमिक शाळा. तिचे नाव कोणी काढलेच, तर "तिथे मुलेच कुठे आहेत?" या एका वाक्यात तिचा निकाल लागतो. आणि त्याच घरातील वडीलधारी मंडळी पुढच्या आठवड्यात एखाद्या सभेत बसून सीमाभागातील मराठी शाळा ओस पडत असल्याबद्दल हळहळ व्यक्त करतात. या दोन्ही गोष्टी एकाच मुखातून निघाव्यात याचे आम्हांला आश्चर्य वाटत नाही. शाळा न पाहता तिला नावे ठेवणे आणि शाळा न पाहता तिचे गोडवे गाणे, या दोहोंचे मूळ एकच आहे.

१९५६ साली राज्यपुनर्रचनेत हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षी घटनेत ३५० अ हे कलम घालून भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे सांगण्यात आले. पुढे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातील प्रकरणातच निर्णय दिला की, माध्यम कोणते निवडावे हे सरकारने लादावयाचे नाही, तो पालकांचा अधिकार आहे. म्हणजे सोय सरकारने करावयाची आणि निवड आम्ही करावयाची, अशी ही व्यवस्था आहे. अधिकार आमच्या पदरात पडला हे खरे. तो वापरताना डोळे उघडे ठेवण्याची तसदी मात्र आम्ही घेत नाही.

प्रथम पटाचा प्रश्न घेऊ. पट लहान म्हणून शाळा वाईट, हे गणित कोणी शिकविले? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असली तरी दोन शिक्षक असलेच पाहिजेत. बावीस मुलांना दोन शिक्षक, हे प्रमाण बेळगावातल्या कोणत्या महागड्या शाळेत मिळते ते आम्हांला कोणी दाखवून द्यावे. एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, ही दुसरी तक्रार. परंतु याच राज्यात १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, ऋषी व्हॅलीच्या धर्तीवर, 'नली-कली' नावाची पद्धत सुरू झाली; तीत लहान इयत्तांची मुले मुद्दाम एकत्र बसवून गटागटाने शिकविली जातात. दोष एकत्र बसण्यात नसतो. तशा वर्गाची तयारी शिक्षकाने केली आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते.

लहान शाळेचे खरे दुखणे निराळेच आहे. दोन शिक्षकांपैकी एक रजेवर गेला, प्रशिक्षणाला गेला, किंवा त्याच कायद्याच्या २७ व्या कलमात मुभा असलेल्या जनगणनेच्या वा निवडणुकीच्या कामावर गेला, की शाळा एकशिक्षकी होते. पहिली ते पाचवीला वर्षातून २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हावे असे कायदा म्हणतो. गेल्या वर्षी किती दिवस दोन्ही गुरुजी शाळेत होते, हे पालकाने सरळ विचारावे. मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, कानडी शिकविणारा कोण आणि त्याला कानडी नीट येते काय, हेही विचारावे. हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत, आणि चांगल्या मुख्याध्यापकाला त्यांचा राग येत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिसरीच्या वर्गात जावे आणि एखाद्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचावयास सांगावे. 'असर' या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या पाहणीत २०२४ साली देशातील ग्रामीण भागांत तिसरीच्या मुलांपैकी केवळ २७.१ टक्क्यांना दुसरीचा मजकूर वाचता आला, आणि सरकारी शाळांत तर २३.४ टक्क्यांनाच. आकडे लाजिरवाणे आहेत. ते लपवून मराठी शाळांचा अभिमान मिरवणे हा मुलांचा विश्वासघात होय. पण ते देशाचे आकडे आहेत, आपल्या गल्लीतल्या शाळेचे नव्हेत. तिचा आकडा तिथे जाऊनच काढावा लागतो, आणि त्याला अर्धा तास पुरतो. मुलांच्या वह्या उघडाव्यात. चुकीच्या शब्दाखाली शिक्षकाची रेघ आहे काय, की सर्वत्र एकच मोठी बरोबरची खूण आहे? आम्ही पाहिलेल्या अशा शाळांत दोन्ही प्रकार आहेत, आणि बाहेरच्या रंगरंगोटीवरून कोणती कशी असेल हे ओळखता आलेले नाही.

आता जो आक्षेप मोठ्याने घेतला जात नाही, त्याकडे वळू. "तिथे कोणकोणाची मुले येतात, ठाऊक आहे ना?" हे वाक्य आमच्या घरांत आवाज खाली आणून बोलले जाते. होय, ठाऊक आहे. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायांची मुले येतात, तंबाखूच्या शेतावर राबणाऱ्यांची येतात, घरी दख्खनी बोलणारी येतात, कानडी बोलणारी येतात, दलित वस्तीतील येतात. मग काय झाले? या मासिकाचा वाचक घरात कोकणी बोलतो, देवळात मराठी अभंग म्हणतो आणि बाजारात कानडीत भाव करतो; चार बोलींच्या मुलांत बसल्याने आपले मूल बिघडेल, ही भीती त्याला तरी शोभत नाही. घरी मराठी असलेले द. रा. बेंद्रे कानडीचे थोर कवी झाले आणि १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले, ते भाषांच्या सरमिसळीत वाढल्यामुळेच. दुपारच्या जेवणाबद्दलही नाके मुरडली जातात. ज्याला अंडे नको त्याला केळे मिळते. तेव्हा सोवळ्याची सबब तिथे चालत नाही. राहता राहिली पंगत. देवळातील पंगत सर्वांसाठी एक व्हावयास किती काळ लागला हे आपल्या वृद्धांना विचारावे. शाळेतील पंगत सहा वर्षांच्या मुलाला ते पहिल्याच दिवशी शिकवते.

एक आक्षेप मात्र आम्ही आदराने ऐकतो. या राज्यात कारभार कानडीचा, पुढील शिक्षण इंग्रजीचे. मराठीत शिकून पोर अडेल, असे पालक म्हणतात. ही चिंता खोटी नाही. परंतु कानडी तर इंग्रजी शाळेतही सुटत नाही, कारण २०१५ च्या कायद्याने ती टप्प्याटप्प्याने सर्व शाळांत आवश्यक केली आहे. आणि जे मूल घरच्या भाषेत वाचावयास शिकले नाही, ते परक्या भाषेत अक्षरे ओळखते, अर्थ ओळखत नाही. युनेस्कोने १९५३ साली हेच सांगितले, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेचीच शिफारस केली. तथापि जी शाळा वरील कसोट्यांस उतरत नाही, तिथे केवळ मराठीच्या अभिमानापोटी पोटचे मूल घालावे, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. भाषेचे ऋण मुलाच्या डोक्यावर चढवू नये.

पूर्वी पंतोजींच्या शाळा देवळांच्या ओवऱ्यांत भरत. तेव्हा देवस्थानांना हा विषय परका नाही. आज आमच्या देवस्थानांतील धनिक शाळेला पंखा देतात, पात्यावर देणगीदाराचे नाव असते, आणि पटावर मात्र त्याच्या नातवाचे नाव नसते. कायद्याप्रमाणे शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. कर्नाटकात ही समिती 'एसडीएमसी' म्हणून ओळखली जाते. शिक्षकाची रिकामी जागा भरा, असा ठराव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवून त्याचा पाठपुरावा करावयाचा, तर तो या पालकांनीच. पट घटला की शेजारच्या शाळेत विलीन करण्याची भाषा सुरू होते. सीमेपलीकडे महाराष्ट्रातही २०२३ साली वीसांहून कमी पटाच्या शाळांसाठी समूहशाळांची कल्पना पुढे आली होती. सभेतील हळहळीने ती थांबत नाही.

ज्यांना पुढील वर्षी मूल घालावयाचे आहे त्यांनी निर्णय उन्हाळ्यावर ठेवू नये, कारण तेव्हा शाळांना कुलूप असते. आषाढ-श्रावणात एखाद्या साध्या वारी, प्रार्थना संपून तास सुरू झाल्यावर, न कळविता जावे. पाऊस असेल तर उत्तमच, छप्परही पाहून होईल.