मूठ तुटली, दार बदला म्हणे!



बरेच दिवसांत इकडे फिरकलो नाही. धान कापणी, मग पाहुणेरावळे, मग डोळ्याचे ऑपरेशन... कारणे सांगायला बसलो तर तोच एक लेख होईल. असो. आज मात्र बसलोय ते जरा रागाने. राग जुना आहे, पण उतरत नाही, म्हणून लिहून टाकतो. नातेवाईक मंडळींपैकी कुणाला हे आपल्यावरच लिहिलंय असं वाटलं, तर त्यांनी ते तसंच समजावं!

तर झालं असं. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघे थोरल्याकडे पुण्याला गेलो होतो. गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसने. सोबत केशोरीची मिरची होतीच. (आमच्या गावाचं नाव बाहेर कुणाला माहीत असेल तर ते मिरचीमुळेच.) थोरल्याचा फ्लॅट चार वर्षांपूर्वी ताब्यात आलेला. हमरस्त्याला लागून असल्याने सगळ्या खिडक्यांना आणि बाल्कनीच्या दाराला दुहेरी काच, पांढरी यूपीव्हीसीची चौकट. दार लावलं की बाहेरचे ट्रक एकदम मुके. मला ते फार आवडलं, खोटं का बोला.

दुपारी आमच्या सौ. मिरच्या उन्हात घालायला बाल्कनीत गेल्या. वाऱ्याने दार लागलं. झालं! मूठ दोन्ही बाजूंनी नुसती गोल फिरायला लागली. आत मी, बाहेर त्या. मुलगा-सून ऑफिसात. बाल्कनी पश्चिमेकडची, ऊन तापलेलं, आणि त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी पाण्याची बाटली कशीबशी त्यांच्या हातात दिली. पाऊण तास त्या मिरच्यांच्या सुपाचीच सावली करून बसल्या होत्या. मी बाहेरून वरवर हसत होतो, "पुण्याची हवा खा थोडी" वगैरे. हात मात्र थरथरत होते.

वॉचमनने त्याच्या ओळखीचा एक फॅब्रिकेशनवाला मुलगा बोलावला. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. त्याने मुठीवरची छोटी झाकणी फिरवली, दोन स्क्रू काढले, मूठ बाजूला ठेवली. आतल्या भोकात पेचकस घातला आणि मला म्हणाला, "काका, पल्ला खांद्याने वर उचलून धरा." मी धरला. खट्ट आवाज झाला आणि दार उघडलं. पाच मिनिटांचं काम!

आता खरी गोष्ट पुढेच आहे.

संध्याकाळी थोरल्याने खिडक्या बसवणाऱ्या कंपनीला फोन केला. दुसऱ्या दिवशी एक गोड बोलणारा गृहस्थ आला. दोन वेळा मूठ फिरवून पाहिली. पिशवीतून साधा पेचकसही त्याने काढला नाही. म्हणाला, "सर, लॉक गेलंय. हे मॉडेल आता बंद झालंय. पूर्ण पल्ला बदलावा लागेल, चौकटीसकट." कोटेशन आलं अडतीस हजारांचं. बिल्डरला विचारलं तर तो कंपनीकडे बोट दाखवतो. कंपनी म्हणते हार्डवेअरची वॉरंटी एक वर्षाची होती. आणि माझा उच्चशिक्षित मुलगा म्हणतो, "जाऊ द्या ना बाबा, करून टाकू, कोण डोकं लावणार."

इथे माझी सटकली.

मी त्या फॅब्रिकेशनवाल्या मुलाला परत बोलावलं आणि त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. छत्तीस वर्षं मास्तरकी केली, विद्यार्थी व्हायची संधी क्वचितच मिळते. त्याने जे दाखवलं ते तुम्हालाही सांगतो, कारण हे ज्ञान लपवून ठेवण्यावरच हा सगळा धंदा चालला आहे.

दुहेरी काचेचा पल्ला वजनाने जड असतो. ते सगळं वजन एका बाजूच्या बिजागऱ्यांवर. पल्ल्यात काच बसवताना तिच्या कडेला प्लास्टिकच्या छोट्या पट्ट्या ठराविक कोपऱ्यांत घालतात, म्हणजे काचेचा भार बिजागरीकडे ढकलला जातो आणि पल्ला तिरका होत नाही. त्या नीट घातल्या नसतील किंवा बिजागरीचे स्क्रू ढिले झाले असतील, तर पल्ला मुठीच्या बाजूला एक-दोन मिलिमीटर खाली बसतो. एवढंच. पण या दारांचं कुलूप आपल्या कडीसारखं एकाच जागी नसतं. मूठ फिरवली की कडेच्या लोखंडी पट्टीवरचे तीन-चार खटके एकाच वेळी चौकटीत शिरतात. पल्ला खाली बसला की ते समोरच्या खाचेला अडतात. मग आपण काय करतो? जोर लावतो! रोज थोडा थोडा जोर. तो सगळा जोर मुठीमागच्या छोट्या डबीवर येतो (तिला ते गिअरबॉक्स म्हणतात), आणि एक दिवस ती आतून तुटते.

म्हणजे आजार बिजागरीचा, मेलं कुलूप, आणि वैद्य म्हणतो माणूसच बदला!

त्या मुलाने गिअरबॉक्स काढून त्याची मापं घेतली आणि बाजारात जाऊन तसाच दुसरा आणला. चौदाशे रुपये. 'मॉडेल बंद झालंय' ते हे! बिजागरीला एक छोटा षटकोनी खड्डा असतो, त्यात एलन की घालून पल्ला वर घेतला. मजुरी सहाशे. एकूण दोन हजार. दार आता करंगळीने लागतं.

मला अजून एक गंमत त्याने सांगितली. यूपीव्हीसीच्या पुष्कळशा खिडक्यांच्या मुठींना दोन स्क्रूंमधलं अंतर ४३ मिलिमीटर आणि आतली चौकोनी दांडी ७ मिलिमीटरची असते. म्हणजे एका कंपनीच्या खिडकीला दुसऱ्या कंपनीची मूठ अनेकदा चालून जाते. दांडीची लांबी तेवढी पाहावी लागते. हे मोजायला पट्टी पुरते, ती आपल्या नातवंडांच्या कंपासपेटीत असते. आणि दोन काचांच्या मध्ये धुकं साचलं, तर कडेचं सील गेलेलं असतं. ती काच दुरुस्त होत नाही हे खरं, पण फक्त काच बदलता येते. चौकट बदलायचं काही कारण नाही.

आता कुणी म्हणेल, गुरुजी जुन्या काळातले, यांना सागवानाचंच कौतुक. तसं नाही हो. आमच्या केशोरीच्या घराला सागवानी चौकट आहे, ती माझ्या वडिलांच्या वेळची. पण तिचं दार पावसाळ्यात फुगतं, श्रावणभर लाथ मारून लावावं लागतं. मागच्या खोलीची चौकट उधईने खाल्ली ती खाल्लीच. आज नव्याने सागवान घेण्याची ऐपत माझ्या पेन्शनची नाही. यूपीव्हीसीला उधई लागत नाही, ती फुगत नाही, आवाज अडवते. वस्तू चांगलीच आहे. माझं भांडण वस्तूशी नसून तिच्यामागच्या वृत्तीशी आहे.

आमच्याकडे दार कुरकुरलं की सुतार येतो. परवा आला होता, म्हणाला, "गुरुजी, कवाडाले काई नाई झालं जी, बिजागरी ढिली झाली." जुन्या भोकात बांबूची चोय ठोकली, त्यात पुन्हा स्क्रू कसला, चहा प्याला आणि गेला. त्या दाराची कडी दोनदा बदलली, कोयंडा एकदा, बिजागऱ्या तीनदा. दार तेच. 'पूर्ण बदला' असं त्याने कधी म्हटलं असतं तर गावात त्याला पुन्हा काम मिळालं नसतं!

माझी पुतणी इंग्लंडात असते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती हसलीच. तिकडे घरोघरी दुहेरी काच, थंडीमुळे. त्यामुळे या दारंखिडक्यांची कुलपं, मुठी आणि बिजागऱ्या दुरुस्त करणं हा तिकडे वेगळा धंदाच आहे. गाडीत सुटे भाग घेऊन माणूस येतो आणि तासाभरात काम करून जातो. म्हणजे ज्यांच्याकडून आपण ही खिडकी घेतली, ते ती दुरुस्त करतात. आपण खिडकी तेवढी घेतली, दुरुस्ती सीमेपलीकडेच ठेवली.

बरं, कायदा काय म्हणतो? निवृत्त माणसाला वेळ असतो, मी वाचून काढला. २०१६ चा रेरा कायदा, कलम १४, पोटकलम ३. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीतला किंवा दर्जातला दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तो तीस दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा आहे. न केल्यास भरपाई मागता येते. चार वर्षांत बसलेला पल्ला हा कारागिरीचा दोष नाही तर काय? दहा वर्षं वापरून मूठ झिजली तर तो वापराचा भाग, तिथे मी बिल्डरच्या बाजूने उभा राहीन. पण कंपनीची एक वर्षाची वॉरंटी दाखवून कायद्याची पाच वर्षं गिळून टाकायची, ही लबाडी आहे. आणि ती आपल्या आळसावर पोसली जाते. थोरल्याच्या सोसायटीत चौकशी केली तर अशीच दारं बसलेली अकरा घरं निघाली. तिघांनी पल्ला बदलूनही घेतला होता! एकानेही लेखी तक्रार केलेली नव्हती.

दुसरी गोष्ट. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टल सुरू केलं. अतिशय स्तुत्य. पण त्यासाठी चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ उपकरणं आणि वाहनं. म्हणजे फ्रिजचा विचार झाला, मोबाइलचा झाला. ज्या दारातून फ्रिज आत आला त्याचा नाही! मोबाइल बिघडला तर फोन लागत नाही. दार बिघडलं तर माणूस आत किंवा बाहेर अडकतो. उद्या घरात आग लागली आणि खिडकी उघडली नाही तर? आमच्या सौ. पाऊण तासात सुटल्या. घरात मी नसतो, त्या एकट्याच असत्या, तर संध्याकाळी सातपर्यंत त्या उन्हात... हे वाक्य मी पुरं करत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. दारंखिडक्या त्या यादीत घाला. जी कंपनी खिडकी विकते तिने मूठ, कुलूप आणि बिजागरी सुटी विकायलाच हवी, निदान दहा वर्षं, आणि त्यांचे क्रमांक ताबा देतानाच लिहून द्यायला हवेत. फ्लॅटची चावी देताना हार घालून फोटो काढतात, त्याऐवजी एक एलन की हातात द्या आणि बिजागरी कशी वर-खाली करायची ते पाच मिनिटं दाखवा.

सगळं काही दुरुस्त होतं असा माझा दावा नाही. पल्ल्याचा जोडलेला कोपरा तडकला किंवा चौकटच वाकली, तर बदलावीच लागेल. पण ते ठरवायच्या आधी निदान पेचकस तरी पिशवीतून बाहेर काढा!

आणि आपणही थोडं करावं. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला म्हणा, बिजागऱ्यांचे स्क्रू तपासा, खटक्यांना थेंबभर तेल द्या. किल्लीच्या भोकात मात्र खाण्याचं तेल ओतू नका, धूळ चिकटून ते बसतं. शिसपेन्सिल किल्लीवर घासा आणि किल्ली दोन-चारदा फिरवा, पेन्सिलीतलं ग्रॅफाइट तेच काम करतं. मूठ जड लागायला लागली की जोर लावू नका. पल्ला हळूच वर उचलून पाहा. उचलल्यावर मूठ सहज फिरली तर समजा दुखणं बिजागरीत आहे, आणि माणूस तेव्हाच बोलवा.

थोरल्याने शेवटी माझ्या तगाद्याने सोसायटीच्या लेटरहेडवर बिल्डरला पत्र दिलं, अकरा घरांच्या सह्या घेऊन. कलमाचा उल्लेख मीच घालायला लावला. शुद्धलेखन मी तपासलं, चार चुका निघाल्या! महिन्याभरात बिल्डरची माणसं आली आणि सगळ्या बिजागऱ्या जुळवून गेली. ज्या तिघांनी पल्ला बदलला होता त्यांचे पैसे काही परत आले नाहीत. ते अजून भांडताहेत, आणि भांडावंच.

आमच्या सौ. मात्र आता पुण्याला गेल्या की बाल्कनीत जाताना दारात पाट अडकवून ठेवतात. दुरुस्त झालंय म्हणून कितीदा सांगितलं. ऐकत नाहीत.

तुमच्याकडचे अनुभव जरूर कळवा. कुठे चुकलो असेन तर कान धरा. चूभूद्याघ्या.