मंचावर मंडप, माणसं उन्हात

१४ एप्रिलच्या तयारीची बैठक म्हटली की दोन तास डीजे, मिरवणुकीचा मार्ग आणि बॅनरवर कोणाचा फोटो किती मोठा यातच जातात. लोक बसणार त्यांच्या डोक्यावर काय टाकायचं, हा विषय शेवटी येतो आणि "मंडपवाला बघेल" यावर संपतो. आमचा आक्षेप इथेच आहे.

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला काय झालं ते आपण पाहिलं. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सरकारी सोहळा, मंचावर छत आणि समोर लाखो माणसं उघड्या मैदानात. उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. आपण सरकारला जाब विचारला, विचारायलाच हवा होता. पण त्याच्या दोनच दिवस आधी आपल्या किती वस्त्यांत आयाबाया भर दुपारी भाषणं ऐकत उन्हात बसल्या होत्या, हे आपण स्वतःला विचारलं का?

अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. समुद्राचा वारा इथवर पोचायला दुपार कलते.

मंडप निळाच हवा, हा हट्ट आम्हीही धरलेला आहे. झेंडा निळा असावाच, छत कशाला? गडद प्लास्टिक ऊन शोषून तापतं आणि ती धग खाली बसलेल्यांवर उतरते. बाजूंना कनाती लावल्या की आत भट्टीच. चंदेरी ताडपत्री घ्या, चंदेरी बाजू वर ठेवा. दहा-बारा फूट उंच बांधा, बाजू मोकळ्या सोडा. नुसत्या उन्हासाठी पंचाहत्तर टक्के सावलीची हिरवी नेट बरी, कारण तिच्यातून गरम हवा निघून जाते. पाऊस मात्र अडत नाही. दोन्ही जमत असतील तर वर नेट, मध्ये फूट-दीड फूट मोकळी जागा आणि खाली ताडपत्री. उल्हासनगरच्या दुकानात भावाआधी जीएसएम विचारा आणि माल यूव्ही आहे का तेही. हलकी ताडपत्री एका उन्हाळ्यात कडक होऊन फाटते, मग स्वस्त कसली?

जयंती एका दिवसाची. स्टेशनबाहेरचा चर्मकार, भाजीवाली मावशी, नाक्यावर कामाची वाट पाहणारे बिगारी वर्षभर उन्हात असतात. त्यांच्या डोक्यावर असतो आपलाच जुना फ्लेक्स, आणि कारवाईची गाडी आली की तोही जातो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात, त्यात अनुसूचित जातींना प्रतिनिधित्व द्यावं लागतं. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद, तिन्हीकडे विक्री क्षेत्रात कायमची सावली मागण्यासाठी ही समितीच आपली जागा आहे. निवेदनाचा मसुदा आम्ही करून देऊ.

तोवर यंदाच्या वर्गणीतून नेट भाड्याने न घेता विकत घ्या. जयंती झाली की ती नाक्यावर बांधा, दोऱ्यांसकट.

जय भीम!