पुडीचा गुण की तापाचा धर्म?

जयपूरच्या आदर्शनगरात बदलीवर आलेल्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांत अलीकडे एक नवा वैद्य शिरला आहे. तो चिनी आहे. तान्ह्या बाळाला वरचेवर ताप येऊ लागतो, सासूबाई साताऱ्याला, आई अमरावतीला, विचारावयास घरात वडीलधारे कोणी नाही, अशा वेळी भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून हा वैद्य बोलू लागतो. हजारो वर्षांची परंपरा, मुळापासून उपाय, अपाय मुळीच नाही! गोळी घरपोच येते. वेष्टनावरील अक्षर घरात कोणास वाचता येत नाही. तरीही ती उगाळून बाळाच्या जिभेवर जाते. या प्रकाराचा आम्हांस निषेध करावयाचा आहे.

चीनशी आमचे वैर नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली तेथेच निवर्तले. त्या नात्याचा आम्हांस अभिमान आहे. चिनी वैद्यकाचे ऋणही आम्ही नाकारीत नाही. चौथ्या शतकातील गे होंग या ग्रंथकाराने हिवतापावर छिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून, तिचा रस घेण्यास सांगितले होते. यूयू तू या चिनी संशोधिकेने ते वाचले, उकळण्याने गुण नष्ट होत असावा असा तर्क केला, कमी उष्णतेवर अर्क काढला, तो प्राण्यांवर आणि मग स्वतःवर पारखला. त्यातून आर्टेमिसिनिन हाती आले आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या ग्रंथाने वाट दाखविली. औषध दिले ते परीक्षेने. या कथेच्या आधारावर परीक्षेवाचूनची गोळी खपविणे म्हणजे दुसऱ्याच्या पदवीवर आपली नेमणूक मागणे होय.

त्या गोळीत असते तरी काय? बालकांच्या तापावर आणि आकडीवर दिल्या जाणाऱ्या काही जुन्या चिनी गोळ्यांत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे संयुग, घालीत आले आहेत. स्वदेशी पुडीही केवळ स्वदेशी म्हणून निर्दोष ठरत नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक असल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. गुटी मधात उगाळण्याची आपली चालही वर्षाच्या आतील बाळास घातक ठरू शकते. मधातील जंतूंच्या बीजाणूंमुळे त्याचे स्नायू लुळे पडण्याचा धोका असतो. आणि आधुनिक बाटलीची तरी फाजील भलावण कशाला? २०२५ साली छिंदवाड्याकडील मुले खोकल्याच्या विषारी औषधाने दगावली. प्रश्न देशाचा नाही, पद्धतीचाही नाही, तपासणीचा आहे.

"पण आमच्या बाळाला गुण आला!" हा या मंडळींचा ठेवणीतला मुद्दा. विषाणूंचे बहुतेक ताप काही दिवसांत आपोआप उतरतात. लहान मुलांत एक ताप असाही आढळतो, की जो ठराविक आठवड्यांनी येतो आणि तीन ते सहा दिवसांत निघून जातो. १९८७ साली त्याचे प्रथम वर्णन झाले. अशा तापात जी पुडी शेवटी दिली, तीच रामबाण! पुडीचा गुण कोणता आणि तापाचा धर्म कोणता, हे पाहावयास कोणी थांबत नाही. मात्र मूत्रमार्गाच्या विकाराने किंवा हिवतापाने येणारा ताप पुडीची वाट पाहत नाही. तेथे गेलेला प्रत्येक दिवस बाळाच्या जिवावर बेततो.

२०२५ साली मेळघाटातील सिमोरी गावी बावीस दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे पासष्ट चटके दिल्याचे वाचून आपण हळहळलो. राजस्थानातही भिलवाड्याकडे तान्ह्या मुलांना डाम देतात, त्यावर आपण नाक मुरडतो. परंतु त्या आईबापांच्या गावापासून दवाखाना दूर होता. आपल्या शहरात जे. के. लोन हे मुलांचे सरकारी रुग्णालय आहे. ज्यांना आयुर्वेदच हवा, त्यांच्यासाठी १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयुर्वेद संस्थेत बालरोगाचा स्वतंत्र विभाग आहे. बोलू न शकणाऱ्या बाळाचे दुखणे त्याच्या चर्येवरून आणि हालचालींवरून कसे ओळखावे, यासाठी काश्यपसंहितेने एक अध्याय खर्ची घातला आहे. पडद्यावरील वैद्याने तर बाळ डोळ्यांनीही पाहिलेले नसते!

आम्ही कारकून मंडळी. जावक क्रमांकावाचून कागद पुढे सरकवीत नाही, सहीवाचून देयक मंजूर करीत नाही. तीच शिस्त पाळण्याजवळ आणावी. ताप किती अंश, किती दिवस, काय दिले, याची एक वही ठेवावी आणि ती डॉक्टरांपुढे ठेवावी. लघवी आणि रक्त तपासण्यास सांगितले तर टाळाटाळ करू नये. तीन महिन्यांच्या आतील बाळाचा ताप १००.४ अंशांवर गेला, तर घरगुती, चिनी वा देशी, कोणताच उपाय करीत न बसता तडक रुग्णालय गाठावे. रजेचा अर्ज मागाहून देता येतो.