हिंगोलीत जमीन हलायची थांबते, पण छातीतली धडधड का थांबत नाही?

२१ मार्च २०२४. सकाळचे ६ वाजून ८ मिनिटं. हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. लोक घराबाहेर येऊन उभे राहतात न राहतात तोच, अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा धक्का. मग १० जुलैला, पुन्हा सकाळीच, पुन्हा ४.५. हादरे नांदेड-परभणीपर्यंत जाणवले.

औंढा नागनाथ तालुक्यातलं जवळा बाजार याच पट्ट्यातलं. शेजारच्या वसमत तालुक्यात पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येतात, अशा बातम्या तर कित्येक वर्षांपासून येत आहेत. अशा भागात रात्री रस्त्यावरून उसाचा भरलेला ट्रक गेला, वाऱ्यानं पत्रा वाजला, उशाखालचा मोबाईल थरथरला, तरी माणूस दचकून उठून बसू शकतो. भूकंप नाही हे त्याला दोन सेकंदांत कळतं. तरी काळीज धडधडत राहतं आणि झोप उडते ती उडतेच.

याला 'भित्रेपणा' म्हणून हसण्यावारी नेणं सोपं आहे. पण डोक्यात नेमकं काय चालतं ते पाहिलं, तर हसू येणार नाही.

आवाज आणि धोका यांची गाठ कशी बसते?

कानशिलाच्या आत, मेंदूत खोलवर, बदामाच्या आकाराचा एक भाग असतो: अमिग्डाला. धोक्याची नोंद ठेवणं हे त्याचं मोठं काम. गडगडाट ऐकू आला आणि त्याच क्षणी खाट हलली, तर दोन्ही संदेश अमिग्डालातल्या त्याच पेशींवर येऊन पोहोचतात. तिथे ग्लुटामेट नावाचं रसायन सुटतं. या पेशींवर एनएमडीए रिसेप्टर नावाची छोटी दारं असतात. ती एकट्या आवाजानं सहसा उघडत नाहीत. आवाज आणि धक्का एकदम आले की उघडतात, पेशीत कॅल्शियम शिरतं, नवी प्रथिनं तयार होतात आणि त्या दोन पेशींमधला जोड पक्का होतो. पुढच्या वेळी धक्क्याची गरजच उरत नाही, नुसता आवाज पुरतो.

या गाठीवर शिक्का मारतात ती तणावाची रसायनं. मेंदूच्या बुडाशी नॉरअॅड्रेनालिन सुटतं, मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथींतून अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल. घाबरलेल्या क्षणाची आठवण घट्ट बसते ती यांच्यामुळे. परवा जेवायला काय होतं ते विसरतं, पण धक्का बसला तेव्हा आपण घरात नेमके कुठे उभे होतो, ते वर्षानुवर्षं आठवतं.

मराठवाड्यात तर ही आठवण जुनी आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन आटोपून गावं झोपली होती. किल्लारी परिसरात जवळपास दहा हजार माणसं गेली. तो भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. ४.५ च्या धक्क्यापेक्षा त्यात सुमारे साडेतीनशे पट जास्त ऊर्जा होती. पण आकड्यांतला हा फरक अमिग्डालाला कळत नाही. ज्यांनी किल्लारी पाहिली नाही, त्यांनीही ती आई-वडिलांकडून ऐकलेली असते. दुसऱ्याला घाबरलेलं पाहून, नुसतं ऐकूनही भीती शिकता येते.

मग ती पुसली का जात नाही?

कारण मेंदू भीती सहसा पुसत नाहीच. आवाज आला आणि काहीच झालं नाही, असं पुन्हा पुन्हा घडलं की कपाळामागचा मेंदूचा भाग 'आता धोका नाही' हा दुसरा धडा शिकतो आणि गाबा हे रसायन वापरणाऱ्या पेशींमार्फत अमिग्डालाला दाबून धरतो. जुना धडा खाली तसाच असतो. थकवा, जागरण, नवा धक्का... एवढं निमित्त मिळालं की तो वर येतो.

हिंगोलीची खरी अडचण इथे आहे. वीस वेळा आवाज आला, काही झालं नाही. एकविसाव्या वेळी खरंच जमीन हलली. अधूनमधून खरी ठरणारी भीती सगळ्यात चिवट असते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून फार पूर्वीच दिसलं आहे. रोज खरी ठरणारी भीती एकदा खोटी ठरायला लागली की लवकर विझते, ही मात्र विझत नाही.

बंगळुरूच्या एनसीबीएस संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांवर केलेलं काम इथे महत्त्वाचं. सततच्या तणावानं हिप्पोकॅम्पस या आठवणींच्या भागातल्या पेशींच्या फांद्या आखडल्या, पण अमिग्डालातल्या वाढल्या. तणाव थांबून तीन आठवडे झाले तरी अमिग्डालातली वाढ ओसरली नव्हती. दुसऱ्या प्रयोगात एकदाच, दोन तास तणाव दिला. दुसऱ्या दिवशी फरक नव्हता, दहा दिवसांनी अमिग्डालात नवे जोड दिसले. धक्क्याच्या दिवशी धीट असलेला माणूस दोन आठवड्यांनी का बिथरतो, याचा एक धागा यात असू शकतो. अर्थात उंदीर आणि माणूस एक नव्हे.

आता व्हॉट्सअॅपचं बघा. धक्क्यानंतर 'आज रात्री मोठा भूकंप होणार' असे मेसेज फिरतात. दिवस आणि वेळ सांगून भूकंपाचं भाकीत करणारी कुठलीही पद्धत आज जगात नाही. पण मेसेज वाचणाऱ्याचा अमिग्डाला खरा-खोटा तपासायला थांबत नाही. त्या रात्री अंगणात झोपलेलं कुटुंब सकाळी सुखरूप उठतं आणि 'बाहेर झोपलो म्हणून वाचलो' असं मेंदू शिकतो. घर सुरक्षित आहे हे शिकायची संधीच त्याला मिळत नाही.

सगळी भीती घालवायचीही नाही. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनानं पत्र्याच्या घरांवर ठेवलेले दगड काढून घ्यायला सांगितलं होतं. ते काम भीतीनंच होणार असेल, तर होऊ द्यावं. पण महिना उलटूनही झोप लागत नसेल, तीच दृश्यं डोळ्यांपुढे येत असतील, घरात पाऊल टाकवत नसेल, तर त्यावर उपचार आहेत. प्रशिक्षित व्यक्तीसोबत टप्प्याटप्प्यानं त्याच आवाजाला, त्याच खोलीला सामोरं जाणं हा त्यातला प्रमुख मार्ग. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.